क्रेटवाले दस्तगीरचाचा

दस्तगीरचाचांच्या हातात द्राक्षांचा क्रेट दिसला की आमच्या श्रोत्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माधवनगरच्या जुन्या सभागृहात आमची गाण्याची बैठक असते. तिकीट नाही, पास नाही. फक्त दारात चाचा उभे. मोबाईल बंद करायचा, क्रेटमध्ये ठेवायचा, मग आत जायचं. क्रेटच्या तळाशी कागदाची कात्रणं पसरलेली असतात आणि चाचा एकेक फोन द्राक्षाच्या घडासारखा अलगद ठेवतात. "हळू, हळू! माल नाजूक हाय."

चाचांचा तासगावात बेदाण्याचा व्यापार होता, आता तो मुलगा बघतो. व्यापार सुटला तरी जीभ काही सुटली नाही. गायक आला की त्याला वारा लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, ही त्यांची पहिली सूचना. तबला ट्रेनमधून उतरवतानासुद्धा "वरची बाजू वर ठेवा" म्हणून ते हमालाच्या अंगावर ओरडताना मी स्वतः ऐकलं आहे.

नियमाला अपवाद नाही. एका फौजदारसाहेबांनी "अहो, मी ड्यूटीवर आहे" म्हणून बघितलं. चाचा म्हणाले, "मग ड्यूटीवर जावा की साहेब, गाण्याला कशाला आलाय?" फौजेतून निवृत्त झालेले आमचे सुभेदार कदम मात्र हत्यार जमा करावं तसा फोन जमा करतात आणि वर सलाम ठोकतात. कहर झाला तो जोशी सरांच्या वेळी. सर निवृत्त मुख्याध्यापक, वय झालेलं. त्यांच्या कानातलं यंत्र चाचांना दिसलं.

"सर, कानात काय हाय त्ये?"

"ऐकायचं यंत्र आहे."

"काडा. वाजलं म्हंजे?"

आणि सरांनी ते खरंच काढून दिलं! आयुष्यभर पोरांवर दरारा ठेवलेला माणूस; पण चाचांपुढे त्यांचं काही चाललं नाही. सर सबंध मैफल काहीही न ऐकता मान डोलावत बसले होते. मला कळलं तेव्हा मी चाचांवर इतकी चिडले की विचारू नका. ते शांतपणे म्हणाले, "ताई, सरांनी दाद मातूर सगळ्यात चांगली दिली."

मी या बैठकीत निवेदन करते, कलाकारांचं बघते आणि उरलेला वेळ पित्त सांभाळते. मला चाचांचं एक कोडं होतं. या माणसाला गाण्यात तिळमात्र रस दिसत नव्हता. गाणं सुरू झालं की ते दार लावून बाहेर पायरीवर बसत. आत बोलावलं तर म्हणत, "मला काय कळतंय त्यातलं? द्राक्षातलं इचारा." मग कशाला दर महिन्याला येता? विचारलं की ते क्रेटमधली कात्रणं सारखी करायला लागत. आणि दुसरा हट्ट फुलांचा. मंचावर गायकाच्या शेजारी पितळी कळशीत झेंडू आणि शेवंती ठेवायची, ती त्यांनीच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही आणि कळशीत पाण्याचा थेंब घालायचा नाही. दोन तासांत फुलं माना टाकत. मी कितीदा म्हटलं, "चाचा, निदान पेलाभर पाणी घाला." उत्तर ठरलेलं. "ओल नगं, ताई. ओलीनं माल जातो."

गेल्या महिन्यात आमच्यावर आभाळ कोसळलं. एका गृहस्थांनी एक फोन क्रेटमध्ये दिला आणि दुसरा बंडीच्या खिशात ठेवला. तो ऐन गाण्यात वाजला. गायक तंबोरा खाली ठेवून उठले आणि तडक गाडीत जाऊन बसले. ही गोष्ट सगळीकडे पसरली. पुढच्या दोन कलाकारांनी नकार कळवला. कार्यकर्त्यांच्या बैठकीत ठरलं, की आणखी एकदा असं झालं तर बैठक कायमची बंद करायची. लोकांपुढे आणि कलाकारांपुढे तोंड दाखवायला जागा उरणार नाही. चाचा कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. "माझ्या दारातनं गेला त्यो फोन," एवढंच म्हणाले.

खूप विनवण्या केल्यावर पुण्याच्या एक ज्येष्ठ गायिका यायला तयार झाल्या. त्यांचं नाव मुद्दामच सांगत नाही, नुसतं बाई म्हणते. आदल्या दिवशी येताना बाई वाटेत शिरवळला चहाला थांबल्या, तिथून फोन करून त्यांनी मला पुन्हा बजावलं, "फोन वाजला तर मी उठेन. मागून कुणी समजूत घालायला येऊ नका." 

त्या सकाळी चाचांनी कुणाला सोडलं नाही. बंड्या चाचपल्या, पिशव्या उलट्या केल्या, बायकांच्या पर्स माझ्याकडून तपासून घेतल्या. चेहरा असा ताणलेला की चेष्टा करायची कुणाची छाती झाली नाही. फुलांची कळशी स्वतः मंचावर ठेवली, दार लावलं आणि क्रेट घेऊन बाहेर बसले.

बाईंनी तोडी लावली. काय सांगू! सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी मंचाच्या कडेला बसले होते.  वाटलं, निभावलं. विलंबित संपत आलं होतं.

आणि फोन वाजला.

साधी, जुन्या फोनची कर्कश घंटी. बाईंचा सूर तुटला. तबलजींचे हात वरच्या वर राहिले. लोक एकमेकांकडे रागानं बघायला लागले. दार धाडकन उघडून चाचा क्रेट छातीशी धरून आत आले. क्रेटमधला एकही फोन वाजत नव्हता. घंटी थांबली, बाईंनी डोळे मिटले, आणि ती पुन्हा सुरू झाली. आता मला दिसलं, बाईंच्या शेजारच्या कळशीतले झेंडू थरथरत होते.

चाचांनी क्रेट खाली ठेवला. अनवाणी मंचावर चढले, फुलं बाजूला केली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बटणांचा फोन बाहेर काढला. तेवढ्यात घंटी थांबली.

"चाचा, तुमचा?" सुभेदारांच्या तोंडून निघालं.

"माझाच हाय." हात जोडून ते बाईंसमोर उभे राहिले. "बाई, शिक्षा मला करा. ह्या लोकांची काय चूक न्हाई."

बाई उठायच्या बेतात होत्या. एक हात गादीवर टेकलेला. "कुणाचा फोन आहे?"

"घरनं. बायकूचा." चाचा म्हणाले. "आधी ती हितं पुढं बसायची. मी तिला सोडून भायेर टेम्पोत थांबायचो. मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तवापास्नं गाणं सुरू व्हायच्या आधी घरी फोन लावतो आन् हितं ठेवतो. ती पडल्या पडल्या ऐकती. ही चोरीच हाय, मला ठावं हाय. आजवर कवा आपसूक कट झाला न्हवता. आज झाला, म्हणून तिनं डाव्या हातानं परत लावला. आन् ह्याचा आवाज कसा बंद करायचा, त्ये मला येत न्हाई."

जगाचे फोन बंद करणाऱ्या माणसाला स्वतःचा फोन गप्प करता येत नव्हता. एरवी सभागृह हसलं असतं. कुणी हसलं नाही. मी मनातल्या मनात निरोपाचं निवेदन जुळवायला लागले होते, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

बाई तशाच ताठ बसून होत्या. "बोलता येत नाही, तर गाणं आवडतं की नाही हे तुम्हाला कसं कळतं?"

"न्हाई आवडलं की ती कट करती," चाचा म्हणाले.

ते काय बोलून बसले हे सगळ्यांना कळलं, त्यांना सोडून. मी कपाळावर हात मारून घेतला. बाईंच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे आज माझं आवडलं नाही?"

"आवं बाई, न्हाई!" चाचा कळवळून म्हणाले. "आवडलं नसतं तर परत कशाला लावला असता? तेबी दोनदा?"

 गादीवर टेकलेला हात उचलून बाईंनी तंबोरा जवळ ओढला.

"लावा फोन," त्या म्हणाल्या. "फुलांत नको. इथं, माझ्यासमोर ठेवा. आणि त्यांचं मधलं हुकलं असेल, मी पहिल्यापासून गाते."

चाचांनी फोन माझ्यापुढे धरला; नंबर मलाच लावून द्यावा लागला. पलीकडे कुणीतरी घेतला. श्वास तेवढा ऐकू आला.

त्या दिवशी बाई किती वेळ गायल्या, कुणी घड्याळ पाहिलं नाही. चाचा मंचाच्या कडेशी, पहिल्यांदाच आत, मांडी घालून बसले होते. त्यांना खरंच काही कळत नसावं, कारण त्यांची नजर पूर्ण वेळ फोनवर होती, तो चालू आहे ना एवढंच बघत.

लोक गेले. आम्ही सतरंज्या आणि मागच्या खुर्च्या गोळा करायला लागलो. चाचांनी फोन उचलून कानाला लावला आणि अगदी हळू विचारलं, "रखूं क्या अब?"

पलीकडून उत्तर येणं शक्य नव्हतं. तरी ते कान देऊन उभे राहिले; पलीकडून फोन कट झाला नाही. मग "अच्छा, अच्छा" म्हणाले, फोन चालू होता तसाच मंचावर ठेवला आणि आवाज करू नका अशी आम्हाला हातानं खूण केली. त्या दिवशी आम्ही सगळ्या खुर्च्या उचलून नेल्या. एकही ओढली नाही.