बाथरूम फंडातली घसरण

शाळेत गुंतवणुकीवर एक व्याख्यान ऐकलं आणि मला साक्षात्कार झाला, की आपण जन्मजात फंड मॅनेजर आहोत! प्रश्न एवढाच, की फंड कशाचा? पैसे माझ्याकडे नाहीत आणि घरचे माझ्या हाती देत नाहीत. पण आमच्याकडे पैशांपेक्षाही दुर्मीळ एक गोष्ट आहे: सकाळचं बाथरूम! माणसं चार, बाथरूम एक, भांडणं अगणित.

म्हणून मी 'बाथरूम फंड' काढला. आंघोळ लवकर उरकायची, वाचलेली मिनिटं फंडात टाकायची आणि गरजेच्या दिवशी एकदम काढायची. वर नफाही! तो काकांकडून. काका म्हणजे आमचा सगळ्यात भरवशाचा शेअर. पाण्याला कळायच्या आत त्यांची आंघोळ झालेली असते. त्यांचा उरलेला वेळ सगळ्यांत वाटायचा.

"आणि काकाच अडकले तर?" ताईने विचारलं.

"बाजारात चढउतार असतातच! घसरण झाली तरी घाबरून बाहेर पडायचं नाही. पहिला धडा!"

काकांनी तो पाठच केला. तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं!

ताईची नोकरीची मुलाखत होती. आठवडाभर मांजरासारखं तोंड पुसून तिने सगळी मिनिटं साठवली होती. त्या सकाळी तिने केसांना अंडं फासलं, खांद्यावर टॉवेल टाकला. काका म्हणाले, "मी हा गेलो आणि हा आलो!"

धप्प!

"काका! काय झालं?"

"घसरण!" आतून आवाज आला. "साबणावरून!"

"लागलं का हो, भाऊजी?" आई धावली.

"छे, ठणठणीत आहे!"

"मग या बाहेर!"

"अजिबात नाही! घसरण झाली की बाहेर पडायचं नसतं!"

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन इंच बुटकी झाले.

"अहो काका, ते फंडातून बाहेर पडायचं नाही!"

"मग मी कशात आहे?"

बरोबरच होतं त्यांचं. फंडच बाथरूमचा!

"काका, माझी मुलाखत आहे! डोक्यावर अंडं वाळतंय!" ताई रडकुंडीला आली.

"धीर धर, बाळ. दीर्घ मुदतीत सगळं सावरतं!"

आईने दार बडवलं. "भाऊजी, मुकाट्याने बाहेर या!"

"वहिनी, घाबरून निर्णय घेऊ नका!"

मी शेवटचा डाव टाकला. "काका, बाजार चढला! नफा घ्या आणि निघा!"

"खूप चढला?"

"आभाळाला टेकला!"

"मग तर आता थांबायलाच हवं!"

शेवटी ताईने स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, भांड्यांच्या साबणाने डोकं धुतलं आणि निथळत्या केसांनी पळाली. दुपारी ती परतली तेव्हा मी दाराआड होते.

"मिळाली नोकरी!"

"बघ!" मी टुणकन बाहेर आले. "माझ्या फंडाने परतावा दिला!"

ताई गोड हसली. तिथेच मी घाबरायला हवं होतं.

"सकाळची पाळी आहे. रोज सगळ्यांच्या आधी बाथरूम माझं. हिला मुदत ठेव म्हणतात, मोडता येत नाही. तू आपली सिंकमध्ये डोकं धू."

सिंकबद्दल माझी तशी तक्रार नाही हो! फक्त मी मान खाली घातली रे घातली, की आई म्हणते, "आलीच आहेस, तर तेवढी कढई घासून टाक!"