बाळाबाईंची गाठ आणि तिची समिती

बाळाबाईंच्या छातीत गाठ सापडली आणि ती कर्करोगाची निघाली, ही बातमी कसबा बावड्यातून बाहेर पडते न पडते तोच पहिले पाहुणे काढ्याची बाटली घेऊन दारात उभे राहिले. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. पूर्वी लोक मोसंबी न्यायचे, आता उपचार नेतात.

डॉक्टरीणबाईंनी खरं तर सरळ सांगितलं होतं. "गाठ लहान आहे. लवकर ऑपरेशन केलं तर तेवढीच काढू, आणि तुम्ही बऱ्या व्हाल." बाळाबाई तिथल्या तिथे तयार झाल्या. पण त्यांचा मुलगा उदयसिंह गावच्या दूध संस्थेत संचालक होता, आणि संचालकाच्या घरात एकट्या माणसाने निर्णय घेतलेला शोभत नाही.

त्यात पाहुण्यांची जुंपली. जयसिंगपूरचे गणपतराव, म्हणजे उदयसिंहचे सासरे, म्हणाले की काढ्यावर गाईचं दूध पाहिजेच. वारणानगरहून आलेले बाळाबाईंचे मावसभाऊ जोतीराम म्हणाले की दूध म्हणजे गाठीला खुराक. दोघांनाही नाही म्हणायची सोय नव्हती. एक बायकोचे वडील, आणि दुसऱ्याच्या शब्दावर उदयसिंहचं संचालकपद उभं. तेव्हा उदयसिंहने त्याला जे येत होतं ते केलं. त्याने समिती नेमली.

उपचार समन्वय समितीचे अध्यक्ष गणपतराव, उपाध्यक्ष जोतीराम. सून वर्षाराणी कार्यवाह, कारण काढे तिलाच उकळायचे होते. बाळाबाईंना निमंत्रित सदस्य म्हणून सामावून घेण्यात आलं. त्यांना बैठकीला बसता येई, मताचा अधिकार नव्हता. पहिल्याच बैठकीत मधला तोडगा निघाला: सकाळी दूध, संध्याकाळी दूधबंदी.

"आन् आपरेशन?" बाळाबाईंनी विचारलं.

"ते ऐनवेळच्या विषयांत घेतलंय की, आई," उदयसिंह म्हणाला.

ऐनवेळच्या विषयांपर्यंत कुठलीच बैठक पोहोचत नाही. त्याआधी चहा येतो.

दवाखान्यातून फोनवर फोन यायला लागले, तेव्हा समितीचं शिष्टमंडळ डॉक्टरीणबाईंना भेटलं. त्या म्हणाल्या, "प्राणायाम करू द्या, भजनं ऐकू द्या. मन शांत राहतं, सोसायला बळ येतं. पण हे सगळं उपचारासोबत, उपचाराऐवजी नाही. आणि मला विचारल्याशिवाय काढे देऊ नका." समितीने याचा सारांश असा काढला की डॉक्टरांची हरकत नाही.

हरकतच नाही म्हटल्यावर चुंबकाचा पट्टा आला, गव्हांकुराचा रस आला, कसलासा पाला आला. साखर, मीठ आणि भाकरी बंद झाली. शेजारी पांढरा रस्सा शिजला की बाळाबाईंची खिडकी लावून घेण्यात येई. त्या दिवसेंदिवस वाळत चालल्या. वजन उतरतंय, म्हणजे गाठ उपाशी मरतेय, असा निष्कर्ष अध्यक्षांनी काढला आणि सभासदांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी वर्षाराणीलाच राहवलं नाही. तिने सासूबाईंचा विषय वडिलांकडे काढला. "आबा, आत्यांचं आपरेशन कवा करायचं?"

उत्तर गणपतरावांऐवजी जोतीरामांनी दिलं. "करायचं कसं, पोरी? दवाखान्यात निजली की काढ्यात खंड पडतोय. आन् खंड पडला की समदं पयल्यापासनं." दोघांचं एकमत झालेला हा पहिलाच विषय. काढे संपल्यावर ऑपरेशनचा विचार करावा, असं ठरलं.

त्या संध्याकाळी बाळाबाईंचा हात छातीवर गेला. गाठ वाढली होती. आधी त्यांना भीती वाटली, आणि मग संताप आला. त्यांना जगायचं होतं. एवढी साधी गोष्ट समितीत कुणी विचारलीच नव्हती.

"जोतिबाला जाऊन येते," सकाळी त्यांनी जाहीर केलं. देवाचं काम समितीच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे सगळ्यांनी हात जोडले. नणंद आक्काला बरोबर घेऊन त्या रिक्षात बसल्या आणि दवाखान्याच्या दारात उतरल्या.

"सहीला घरचं कुणी आहे?" नर्सने विचारलं.

"सही मला येती," बाळाबाई म्हणाल्या. "गाठ माझी हाय, सही बी माझीच."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आता नुसती गाठ काढून भागणार नव्हतं. एक बाजू पूर्ण काढावी लागली, वर केमो, आणि केसही गेले. पण बाळाबाई वाचल्या.

वाचल्या म्हटल्यावर समितीची सांगता सभा झाली. गणपतरावांनी यश काढ्याला दिलं, जोतीरामांनी दूधबंदीला. डॉक्टरांचे इतर सहकार्याबद्दल आभार मानण्यात आले.

पुढे पलीकडच्या गल्लीतल्या मोनालाही गाठ निघाली. पोरगी घाबरून बाळाबाईंकडे आली.

"काकू, तुमी काय घेतलंसा?"

"आपरेशन करून घेतलं. उशीर केला म्हणून समदं काढाय लागलं. तू उद्याच जा."

मोनाने मान डोलावली आणि आवाज खाली आणला. "व्हय, ते झालंच की. पर खरं काय घेतलंसा, ते सांगा."

बाळाबाईंनी पदर बाजूला करून आपली सपाट बाजू तिला दाखवली. मोना रडली. आणि जाताना दारात बसलेल्या गणपतरावांकडून काढ्याची बाटली घेऊन गेली.

मोना अजून घरीच आहे आणि तिला बघायला माणसं येताहेत. तुम्हीही जाल. जायलाच हवं, माणुसकी आहे. आणि हे सगळं वाचून झाल्यावरही, निघता निघता, फोनवर आलेला तो एक उपाय तुम्ही तिला वाचून दाखवाल, आणि म्हणाल, करून बघायला काय जातंय?