फेस आला आणि इमारत खाली उतरली

नव्या काचेच्या शेगडीला नळी जोडायला सरांना जेमतेम चार मिनिटं लागली. घोळ झाला तो जोडणी तपासताना.

सर शाळेत भूगोल शिकवत. माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय ते साधी छत्रीसुद्धा उघडत नसत. बायकोने मात्र सकाळपासून एकच धोशा लावला होता. "अहो, दुपारी मेकॅनिक येतोय. गॅसशी खेळ नको."

"खेळ कसला? हे बघ, पान सात. साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की गळती. काडी ओढून बघणारे अडाणी वेगळे!"

सरांनी वाटीभर पाण्यात भांड्यांचा साबण सढळ हाताने ओतला, चमच्याने खळाखळा घुसळला, सिलिंडर सुरू केला आणि नळीच्या टोकाला तो फेस फासला. बुडबुडे आले. क्लिप आणखी आवळली, पुन्हा फासला. बुडबुडे दुप्पट!

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. "बटणांना हात लावू नकोस! आहेस तशी खाली चल!"

"पण मला वास येत नाहीये."

"तुला सर्दी झालीय!"

"मग तुम्हाला तरी येतोय का?"

"तुझीच सर्दी मला लागलीय!"

विजेची घंटा वाजवायची नाही, हेही पान सातवर होतंच. तेव्हा सर चार मजले दारं बडवत उतरले. "गॅस! दारं उघडी टाका, खाली चला!" दहा मिनिटांत सगळी इमारत अंगणात. कुणाची अर्धीच दाढी झालेली, कुणाच्या हातात ओला टॉवेल, तर एक आजोबा कवळी वरच राहिली म्हणून तोंडावर रुमाल धरून उभे.

दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर न मागता सल्ले देत, म्हणून सगळे त्यांना सल्लागार म्हणत. ते पुढे सरसावले. "सर, ज्याचं काम त्यानं करावं. आमच्याकडे आजवर असा प्रसंग आलाय का कधी?"

तेवढ्यात मेकॅनिक आला, वर गेला आणि पंधरा मिनिटांनी खाली आला.

"सर, वाटीत साबण किती घातला होता?"

"अर्धी बाटली."

"मग ते साबणाचेच बुडबुडे! चमचाभर पुरतो. लावल्यावर बुडबुडा फुगत जातोय का, एवढंच बघायचं. तुमची जोडणी एकदम चोख आहे."

अंगणात खसखस पिकली. सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पण," मेकॅनिक म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावर डावीकडचं घर कुणाचं? जिन्यातच वास आला, म्हणून उघड्या दारातून आत शिरलो. नळीला चिरा पडल्यात. बंद करून आलोय."

हसू जिथल्या तिथे विरलं. सल्लागारांची बायको गर्दीतून पुढे आली. "बाई गं! आत्ताच बाहेरून आले होते. दार बडवलं तेव्हा चहासाठी लायटर उचललाच होता मी!"

सल्लागारांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बोलायला काही सुचेना.

मेकॅनिकजवळ दुसरी नळी नव्हती, ती उद्या मिळणार होती. आणि सल्लागारांकडे सात पाहुणे संध्याकाळी जेवायला यायचे होते. सर बोलून गेले, "मग आमची शेगडी कुणाची आहे?"

सहा वाजता सरांच्या स्वयंपाकघरात परक्या पातेल्यांनी तिन्ही बर्नर अडवले होते. सल्लागारांना कंठ फुटला होता. "सर, मधली आच जरा कमी करा. काच जपायला हवी."

आपल्याच घरात दाराशी उभी राहून सरांची बायको ते पाहत होती. तिने सरांना हळूच कोपऱ्यात ओढलं.

"तुम्ही माणसं वाचवलीत, अभिमान आहे मला. पण यापुढे गळती शोधायची, तर कमी खाणाऱ्यांच्या घरातली शोधा."