नवमीला हात लावायचा नाही

रूपराव मिस्त्रींच्या कारखान्याचा दरवाजा तीन पावसाळ्यांपासून खाली बसत चालला होता आणि तीन पावसाळ्यांपासून रूपराव "उद्या पाहतो" म्हणत होते. कारखाना म्हणजे तरी काय, वर्ध्याच्या कापूस बाजारामागच्या बोळीतली, घराला लागून असलेली एक खोली. एक दरवाजा, गज लावलेली एक खिडकी. पण त्या खोलीत बनलेला रंधा एकदा हातात घेतला की सुतार दुसऱ्या रंध्याकडे बघत नसत. असा माणूस स्वतःच्या घरचा दरवाजा तासत नाही, हे जगाच्या रीतीला धरूनच होतं.

तो खांडेनवमीचा दिवस होता, अठ्ठावन्न सालचा. वर्षभर राबणाऱ्या अवजारांना त्या दिवशी पूजा आणि सुट्टी. रूपरावांनी सकाळीच रंधे, पटाश्या, करवती, हातोड्या कारखान्यातल्या पाटावर ओळीनं मांडल्या, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही, हा वडिलांचा नेम. रूपरावांनी तो कधी मोडला नव्हता आणि मोडणाऱ्याला कधी चहा विचारला नव्हता.

नेमके त्याच दुपारी प्रभाकरराव आले. आंजी गावच्या शाळेत सुतारकामाचा नवा वर्ग निघाला होता, त्याचे ते गुरुजी. बारा रंधे आणि बारा पटाश्या घ्यायच्या होत्या.

"परवा सकाळी यादी द्यायची आहे, मिस्त्री," ते म्हणाले. "मुंबईच्या मालाचं पुस्तक पिशवीतच आहे. तुमचा रंधा चालवून पाहतो आणि ठरवतो."

"चालवता नाई येत, गुरुजी. नवमी हाय."

"अहो, फळीवर एकदाच फिरवतो."

"एकदा बी नाई. डोळ्यानं पाह्यजा."

बोलले खरे, पण काम रूपरावांना हवं होतं. दोन वर्षांत कारखानी माल स्वस्त झाला होता आणि गिऱ्हाईक आटत चाललं होतं. हे काम हातचं गेलं असतं, तर रंधे करणं सोडून बैलगाडीची चाकं ठोकायची पाळी होती. माणूस घाबरला होता, पण नेम तो नेम.

गुरुजी चपला काढून आत गेले, पाटापुढे वाकले. तेवढ्यात बोळीतून वाऱ्याची वावटळ आली आणि दरवाजा धाडकन लागला. लागला तो लागलाच. खालचा कोपरा उंबरठ्यात असा रुतून बसला की आतून गुरुजींनी कडी ओढली, तर कडी त्यांच्या हातात आली.

"मिस्त्री," खिडकीच्या गजांमागे गुरुजींचा चेहरा दिसला, "माझी साडेपाचची बस आहे."

"आत्ता काढतो तुमाले."

रूपरावांनी खांदा लावला. दरवाजा त्यांनी स्वतःच केला होता, सागाचा, तीन बोटं जाड, हत्तीला दाद न देणारा. दाराला काही झालं नाही, खांदा मात्र दुखावला. आवाज ऐकून मंदाबाई, म्हणजे रूपरावांची बायको, सैपाकघरातून बाहेर आल्या. हातात लोखंडी उलथणं होतं.

"अजी, मी काय म्हणतो—"

"तू थांब. पुरणाकडं पाह्य."

मंदाबाई आत गेल्या. रूपराव शेजारच्या बंडूजींकडे धावले. बंडूजींचं कापसाचं गोदाम होतं आणि गोदामात चांगली कंबरभर सब्बल, म्हणजे पहार, होती.

"सब्बल द्या, बंडूजी."

"कशी देऊ? थे पाहा, तराजूपाशी मांडली. हार बी घातला."

रूपरावांना रागावताही येईना, कारण हार घातलेली सब्बल कोणी दिली असती, तर त्यांनीच त्याला चार शब्द सुनावले असते. मग बोळीतलं घर न् घर पालथं घातलं. लोहाराचा घण झेंडूत, टांगेवाल्याचा चाबूक देव्हाऱ्यात, शिंप्याचं मशीन तर नऊवारीत गुंडाळून ठेवलेलं. साऱ्या वर्ध्यात त्या दिवशी लोखंड सुट्टीवर होतं. बंडूजी मात्र रिकाम्या हातानं का होईना, मदतीला आले आणि दोघं मिळून दाराला धडका देऊ लागले.

मंदाबाई पुन्हा दारात. "अजी, थो दरवाजा असा—"

"मंदे, गुरुजी आत अडकून राह्यले, अन् तुले बोलाची पडली. पाणी दे त्याईले."

मंदाबाईंनी गजांतून पाण्याचा गडू दिला आणि परत गेल्या. पाच वाजले, सव्वापाच झाले. गुरुजींचा धीर सुटत चालला.

"मिस्त्री, मी स्वतः सुतारकाम शिकवतो. इथे हाताशी बारा पटाश्या आहेत. एक खालून घातली की दरवाजा सुटेल."

"हात नका लावू, गुरुजी."

"माझी बस जाईल."

"जाऊ द्या."

"मी यादी मुंबईची लिहीन."

बंडूजींनी रूपरावांची बाही ओढली. रूपरावांनी कपाळावरचा घाम पुसला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी घामाबरोबरच पुसून घेतलं.

"लिहा," ते म्हणाले. "चाकं ठोकीन. पण माह्या बापाच्या नेमाले हात लावू नका."

गुरुजी आतल्या तिपाईवर जाऊन बसले. साडेपाचची बस गेली.

सहाच्या सुमाराला मंदाबाई तिसऱ्यांदा आल्या. या वेळी त्यांनी कोणाला विचारलंच नाही. दारापाशी खाली बसल्या, उलथणं उंबरठ्याच्या फटीत सारलं, दांडी दाबून दरवाजा बोटभर वर उचलला आणि म्हणाल्या, "ढकला आता." बंडूजींनी नुसतं बोट लावलं. दरवाजा उघडला.

"हे तुले कसं ठाऊक?" रूपराव.

"गच्च लागला की तीन वर्षांपासून असाच उघडते हा. तुमी घरी नसले की झाडू माराले रोज येतो मी. सांगाले दोनदा आलतो."

प्रभाकरराव बाहेर आले, डोळे चोळले. "मिस्त्री, दोन तास तुमची अवजारं नुसती पाहत बसलो होतो. दुसरा उद्योगच नव्हता. चूक शोधत होतो, यादीत लिहायला. एकसुद्धा सापडली नाही." मग दरवाज्याकडे बघून म्हणाले, "तिथे सापडली. पण शाळेला दरवाजा नकोय. बारा रंधे, बारा पटाश्या. लिहितो."

आनंदाच्या भरात रूपरावांनी बायकोच्या हातातलं उलथणं घेतलं, धुऊन पुसून पाटावर रंध्यांच्या मधोमध ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं मोठ्यात मोठं फूल वाहिलं.

"आजपासून हे बी आपलं अवजार," ते म्हणाले. "चला गुरुजी, बस गेली तं गेली. आज पुरणपोळी खाऊन इथंच मुक्काम. मंदे, पानं घे."

मंदाबाई जागच्या हलल्या नाहीत. पदर खोचून ओट्यावर निवांत बसल्या.

"पुरण हाय. पोळी नाई."

"काऊन?"

"पोळी कायनं उलथू? अवजाराले कुंकू लागलं. आता उद्या सोनं लुटेपरेंत हात लावाचा नाई. तुमच्याच बापाचा नेम."

रूपरावांनी पाटाकडे पाहिलं, चुलीवर तापलेल्या तव्याकडे पाहिलं.

"त्यात काय मोठं? पाच मिनिटांत लाकडाचं उलथणं करून देतो."

"कायनं?" मंदाबाई म्हणाल्या.

बंडूजी खोकला आल्यासारखं करून घरी निघून गेले. प्रभाकररावांनी पिशवीतलं मुंबईचं पुस्तक काढलं, त्याची तीन पानं फाडली आणि त्या रात्री तिघांनी ओट्यावर बसून कागदावर पुरण खाल्लं, बोटांनी. पहिलं वाढून मंदाबाईंनी स्वतःच घेतलं.