संदर्भ विभागातला उंदीर

शिवणकामात माझा हात धरणारी बाई अजून जन्माला यायची आहे! हे मी नाही म्हणत, माझी सासू म्हणायची, आणि ती कुणाचं कौतुक करायच्या वाटेला सहसा जात नसे. म्हणून ऑपरेशननंतर डाव्या बाजूची रिकामी जागा भरायचा प्रश्न आला, तेव्हा मी म्हटलं, विकत कशाला? घरी शिवू!

स्तनाचा कर्करोग. लवकर सापडला, डॉक्टरांनी काढून टाकला, आता रोज एक गोळी आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. दवाखान्यातून निघताना नर्सने कापसाची छोटी गादी दिली होती. पण ती इतकी हलकी, की दुपारपर्यंत चढत चढत गळ्याशी यायची! मग मी सुती कापडाची पिशवी शिवली आणि वजनासाठी तीत मोहरी भरली. काट्यावर तोलून, अगदी ग्रॅमात.

नवरा बघत होता. "फुटली तर?"

"माझी शिवण? फुटेल?"

त्याने पेपर तोंडासमोर धरला. संसारात त्याने एवढं शिकून घेतलंय.

मी वाचनालयात संदर्भ विभाग सांभाळते. तिथे सगळ्यांना सांगितलं होतं, पित्ताशयात खडे झाले होते. खरं सांगितलं की लोक आवाज खाली आणतात, मान तिरकी करतात आणि आपण समोर बसलेलो असताना आपल्याबद्दल 'होती' म्हणतात. ते मला नको होतं. पण त्यामुळे झालं काय, आमचे शिपाईमामा दर दोन दिवसांनी "खडे दाखवा ना" म्हणून मागे लागायचे. आणि तपासणी जवळ आली की भीती वाटायची, ती सांगायला कुणी नाही. नवऱ्याला सांगावं, तर तो माझ्यापेक्षा जास्त घाबरायचा. मग मीच उठून त्याला पाणी द्यायची.

तर त्या मंगळवारी वरच्या फळीवरचा शब्दकोश काढायला स्टुलावर चढले, हात वर केला आणि 'टर्र' असा बारीक आवाज आला. म्हटलं, स्टूल जुनं झालंय.

अर्ध्या तासाने रोज पेपर वाचायला येणारे आजोबा ओरडले, "लेंड्या! उंदराच्या लेंड्या!"

काळे गोल दाणे त्यांच्या टेबलापासून नकाशांच्या कपाटापर्यंत पसरले होते. मामा वाकले, पाहिलं आणि म्हणाले, "एकटा नाही, पलटण आहे!"

मी स्वतःकडे पाहिलं. डावी बाजू निम्मी झाली होती! ज्ञानकोशाचा एक जाडा खंड छातीशी धरला आणि स्वच्छतागृहाकडे निघाले. पण चालले की सांडायचं! थांबावं, तर आजोबा ओरडायचे, "बाई, उभ्या काय राहता? टेबलावर चढा!"

गलका ऐकून ग्रंथपाल मॅडम आल्या. मॅडम म्हणजे कडक इस्त्रीची शिस्त. त्यांनी वाचनकक्ष बंद करवला आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला. "कुणीही जागचं हलायचं नाही," म्हणाल्या. मला तेच हवं होतं!

वीस मिनिटांत तो टॉर्च घेऊन हजर. खाली बसला, एक दाणा उचलला, हुंगला आणि चक्क तोंडात टाकला! आजोबांनी डोळे मिटून घेतले.

"मोहरी आहे," तो म्हणाला.

"उंदीर मोहरी आणतो?" मामांनी विचारलं.

"पंधरा वर्षं धंद्यात आहे. फोडणी देणारा उंदीर अजून बघितला नाही."

मग तो दाण्यांचा माग काढत, बसल्या बसल्या सरकत, थेट माझ्या चपलांशी येऊन थांबला. "बाई, हलू नका. तुमच्याच पायाशी आहे."

मामांनी झाडू उगारला. "हाणू?"

"नको!" मी किंचाळले. ज्ञानकोश निसटला तो मामांच्या अंगठ्यावर, मामा एका पायावर नाचायला लागले, आणि माझ्या शिवणीचा उरलासुरला धागाही तुटला. सरसर, सरसर... साऱ्या वाचनकक्षात तेवढाच आवाज. सगळे बघताहेत, आणि माझ्यातून मोहरी गळतेय!

"मामा, उंदीर नाहीये," मी म्हटलं. "मीच आहे. खडे झाले नव्हते, कर्करोग झाला होता. डावा स्तन काढलाय. तिथे मोहरी भरली होती. माझी शिवण उसवली."

खरं सांगू? शेवटचं वाक्य बोलताना सगळ्यात जड गेलं.

कुणी मान तिरकी केली नाही. मामांनी झाडू हळूच पाठीमागे लपवला. आजोबांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. पेस्ट कंट्रोलवाल्याने टॉर्च बंद केला. "म्हणजे फवारायचं नाही ना?"

मॅडमनी माझा हात धरला, केबिनमध्ये नेलं आणि कडी लावली. म्हटलं, गेली नोकरी!

"डावी?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."

"माझी उजवी. अकरा वर्षं झाली."

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. "मी तांदूळ भरले होते. उन्हाळ्यात त्यात किडे झाले. सभेत, अध्यक्षांसमोर, एक बाहेर आला."

आणि त्या हसल्या! चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला, इतक्या हसल्या. मीही हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. बाहेरून मामा दार ठोठावत होते, "मॅडम, सगळं ठीक ना?"

त्या शनिवारी मॅडम मला बाइंडिंगच्या खोलीत घेऊन गेल्या. डिंकाचा वास, कागदांचे गठ्ठे आणि मधोमध सात बायका. एक बस चालवते, एक गणित शिकवते, दोघी तर सख्ख्या जावा, आजारानंतर बोलायला लागलेल्या. टेबलावर मऊ सुताचे विणलेले स्तन मांडले होते. कुठेच जोडी नाही, सगळे सुटे!

बसवालीने एक माझ्या हातात ठेवला. "पुढची तपासणी कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"सोबत कोण?"

"नवरा. पण तो फार घाबरतो."

"मग त्याला माझ्या नवऱ्याशेजारी बसवू. दोघं मिळून घाबरतील. तू आमच्यात बस."

एवढं साधं होतं! आठ महिने छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवला.

"आता तुझं सांग," मॅडम म्हणाल्या.

"माझं काही विशेष नाही," मी म्हटलं आणि सुरुवात केली. गाठ लागली ती सकाळ, डॉक्टरांचे हात, नर्सचा स्वभाव, शेजारच्या खाटेवरचं घोरणं, मला वाटलेली भीती, नवऱ्याला वाटलेली भीती... थांबले तेव्हा अंगातून ताप उतरावा तसं हलकं वाटत होतं. सगळ्या जणी खाली बघत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या.

बसवालीने घसा खाकरला. "छान सांगितलंस हो. पण पुढच्या शनिवारी जरा आटोपतं घे. आम्हालाही झालाय!"