पंचाण्णव अंशांवरचा इतिहास

कपडे धुण्याच्या बाबतीत अख्ख्या हाझेलरोडे गावात माझा हात धरणारं कुणी नाही! माझी लेक युले झाल्यापासून तर मी कपडे धूत नाही, जंतूंशी लढाई करते. कुठला डाग किती अंशांवर निघतो, हे मला तोंडपाठ. त्यामुळे आमच्या फुटबॉल संघाच्या पंच्याहत्तरीच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, "जुना स्वेटर जरा ठीकठाक करायचं काम कोण घेतं?" तेव्हा त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर!

हा स्वेटर साधासुधा नव्हे. एकोणपन्नास साली, युद्धानंतर, गावात एक चेंडू होता आणि अकरा पोरं. बाकी सगळा ठणठणाट. बायकांनी घरोघरचे जुने मोजे उसवले, ती लोकर हिरवी रंगवली आणि गोलकीपरसाठी स्वेटर विणला. तो घालून सतरा वर्षांच्या गॉटहोल्डने शेजारच्या गावाच्या तीन पेनल्टी एकाच सामन्यात अडवल्या. बाकीचे दहाजण आता चर्चमागे, ओळीने, जणू भिंत करून निजलेत. उरलेत ते ब्याण्णव वर्षांचे गॉटहोल्ड आजोबा आणि काचेच्या कपाटातला तो स्वेटर. दोन आठवड्यांनी, समारंभाच्या रविवारी, तो घालून ते शेवटचं गोलात उभे राहणार होते.

"एक चेंडू अडवतो, मग मी मोकळा," असं ते दिसेल त्याला सांगत.

स्वेटरवर नुसता ब्रश फिरवायचा, एवढंच ठरलं होतं. शपथ! पण मी ब्रश घ्यायला वळले आणि आठ महिन्यांच्या युलेने त्याची बाही तोंडात घातली. चोखली! चांगली चवीनं! पाऊणशे वर्षांचा चिखल, घाम, आणि उंदरांनी काय काय केलं असेल ते! मी तिचं तोंड धुतलं, दोनदा ताप पाहिला आणि स्वेटर मशीनमध्ये कोंबून बटण फिरवलं. पंचाण्णव अंश!

जंतू मेले. सोबत स्वेटरही गेला.

बाहेर निघालं ते किटलीला घालावं एवढं, आणि बुटाच्या तळव्यासारखं कडक.

"हे काय आहे?" माझ्या नवऱ्याने, टिलमनने, विचारलं.

"इतिहास."

"अगं, आटलाय की हा!"

"मग बघतोस काय? ओढ!"

एक बाही त्याच्याकडे, एक माझ्याकडे. रस्सीखेच झाली, वाफ देऊन झाली, मग टिलमनच्या डोक्यातून निघालं की भोपळ्यावर चढवू. चढवला. उतरेना! शेवटी सुरीने भोपळा आतून कोरून काढावा लागला. एवढ्यात दारावरची घंटा वाजली. गॉटहोल्ड आजोबा आणि त्यांच्या पत्नी, इर्मट्राउट आजी!

"मारेन, माझा स्वेटर कुठाय? अंगात होतो का बघतो!"

लपवू कुठे? हातातला हिरवा गोळा मी सरळ युलेच्या डोक्यातून घातला. मेला असा बेतशीर बसला की शिंप्यानेही तोंडात बोट घालावं!

"वा वा!" आजोबा हरखले. "छोकरी संघाच्या रंगात! गोलकीपर होणार बरं का ही!"

"हो ना! आणि तुमचा... वाळतोय! पार तिकडे, मागे!"

इर्मट्राउट आजी मात्र पुढे आल्या. त्यांनी युलेला उचललं, स्वेटरची कड उलटून पाहिली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "उद्या ये. एकटी."

रात्रभर मला झोप नाही. गावाचा इतिहास मी उकळून काढला होता! दुसऱ्या दिवशी आजींनी मला तळघरात नेलं आणि बिस्किटांचा जुना डबा उघडला. आत हिरवे स्वेटर. तीन! तिन्ही बाहुलीच्या मापाचे!

"हा माझा. सत्तावन्न साल, लग्नाचं पहिलं वर्ष. हा चौऱ्याहत्तरचा, अध्यक्षाच्या आईचा पराक्रम. हा नव्याण्णवचा, पोस्टातल्या गेर्लिंडेचा. समारंभ आला की कुणीतरी धुतंच!"

"म्हणजे मी धुतला तो..."

"चौथा. कॉलेजात शिकलीस ना गं? लोकर उकळू नये, हे नाही सांगत तिथे?" मग कोपऱ्यातली पिशवी पुढे ओढत म्हणाल्या, "लोकर जानेवारीतच आणून ठेवली होती. रडू नकोस, लडी धर!"

मी बारा दिवस लडी धरली. आजींच्या सुया चालत, आणि त्यांच्या तोंडून एकोणपन्नासचा तो उन्हाळा उसवत जाई: कुणाच्या मोज्यांची बाही झाली, गळ्याला कुणाच्या दादल्याचे मोजे गेले, जो युद्धावरून परतलाच नव्हता. मधूनच त्या थांबून बोटं चोळत. मी विचारलं की म्हणत, "गप्प बस, टाके मोजतेय."

रविवारी सगळा गाव मैदानाभोवती. आजोबा गोलात, अंगात नवा हिरवा स्वेटर. सरपंचांनी चेंडू असा हळू मारला की वाटेत त्याला विचार करायला वेळ मिळाला असेल. आजोबा वाकले आणि चेंडू छातीशी धरला. बँड थांबला. टिलमनसकट सगळे पुरुष रडत होते. मीसुद्धा, निम्मी आनंदाने, निम्मी चोरासारखी.

पाणी द्यायला गेले, तर आजोबांनी स्वेटर काढून माझ्या हातात ठेवला.

"हा झकास झालाय," ते हळूच म्हणाले. "मागचा काखेत फार टोचायचा."

"तु... तुम्हाला माहीत होतं?"

"सत्तावन्नपासून. इर्मट्राउटला सांगू नकोस, तिला वाटतं मला काही कळत नाही." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "आणि हे बघ पोरी, हा घामट आहे, चिखलही लागलाय. तसाच नेऊन कपाटात ठेव. तिची बोटं आता दुखतात गं!"

तसाच ठेवला. किल्ली आजोबांनी स्वतःच्या खिशात घातली. मला ती मागायचीसुद्धा हिंमत झाली नाही!