माझा गुडघा आणि वॉल्टरची शिकार

तुम्हाला म्हणून सांगते, अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या श्रूजबरी गावात माझ्या डाव्या गुडघ्याएवढा हुशार हवामानवाला नाही! टीव्हीवरची ती बाई नुसते हात हलवते. माझा गुडघा ठणकला की दुसऱ्या दिवशी बर्फ पडलाच! गेल्या वर्षी त्याच्या भरवशावर पोस्टमननं रजा टाकली होती.

शेजारचा वॉल्टर शिकारी. डिसेंबरात हरणांचा सीझन लागला की रोज सकाळी कुंपणापाशी हजर. "आजी, हाऊ इज द नी?" कारण वादळाच्या आदल्या दिवशी हरणं पोटभर चरायला बाहेर पडतात, आणि वादळ सुटलं की दडी मारतात. म्हणजे मी 'ठणकतोय' म्हटलं की हा बंदूक घेऊन रानात!

पण आमच्या नातीची, केयाची, एक लंगडी हरिणी आहे. चंपा. मागच्या अंगणात सफरचंदाची सालं खायला येते. केया रडवेली झाली. "आजी, प्लीज, डोन्ट टेल हिम!"

मग काय! शुक्रवारी गुडघ्यात नगारे वाजत होते, तरी मी कुंपणापाशी चक्क फुगडीची गिरकी घेतली. "नो पेन, वॉल्टर! बर्फ रविवारी. तू उद्या जा!"

चंपा निवांत जेवून गेली.

शनिवारी सकाळी बघते तर बाहेर सगळं पांढरं! वारा असा, की पार्क केलेली गाडी कुडकुडत होती. मी वॉल्टरची बेल वाजवली. उत्तर नाही! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एकटा जीव, माझ्या थापेपायी हरणांची वाट बघत झाडावर बसून गोठणार!

"राजीव, ऊठ! मी माणूस मारला!"

"आई, सकाळी सकाळी?"

मुलानं मला शिकाऱ्यांसारखं केशरी जॅकेट चढवलं, कोणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून. हरीण कसलं, गाजर दिसत होते! रानाच्या कडेनं मी ताटावर झारा बडवत निघाले. "वॉल्टर! ये रे बाबा! मी खोटं बोलले!"

"आई, हळू!"

"हळू काय? त्याला कमी ऐकू येतं!"

तासाभरानं पोलिसांना फोन करायला घरी आलो, तर वॉल्टर आमच्या किचनमध्ये केयाशेजारी बसून चहात शंकरपाळे बुडवतोय!

"तुमच्या मागच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, आजीचा गुडघा दुखत असणार."

"तुला कोणी सांगितलं?"

"आय डिड," केया पुटपुटली. "काल संध्याकाळी. ही वुड बी सो कोल्ड, आजी."

मी डोळे पुसायला पदर शोधला, तर हाताला केशरी जॅकेट!

"आणि चंपा?"

"तिला हात लावणार नाही, केयाला प्रॉमिस केलंय." वॉल्टरनं उसासा टाकला. "शिकारीला बाकीची हरणं होती. पण आजी, तुमच्या ताटानं पार शेजारच्या वूस्टर शहरापर्यंतची हरणं पळाली. या सीझनला आता शेपूटही दिसायचं नाही!"

केयानं टाळ्या पिटल्या. मी गुपचूप शंकरपाळ्यांचा अख्खा डबा त्याच्यापुढे सरकवला.